नाव झाकलेले, गुपित उघडे

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या जर्मनटाउन गावचे रहिवासी फ्रँक वॉरन यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये स्वतःचा पत्ता छापलेली ३,००० पोस्टकार्डे तयार करून घेतली आणि वॉशिंग्टन शहरात अनोळखी लोकांना वाटली. काही कार्डे त्यांनी ग्रंथालयांतील पुस्तकांच्या पानांमध्येही सरकवून ठेवली. कार्डावर आपले एक गुपित लिहावे आणि नाव न घालता टपालात टाकावे, एवढीच विनंती होती. अटी दोन होत्या : गुपित खरे असावे आणि ते पूर्वी कोणालाही सांगितलेले नसावे. वॉरन यांचा व्यवसाय वैद्यकीय कागदपत्रे पुरवण्याचा होता. आलेली कार्डे त्यांनी त्याच वर्षी वॉशिंग्टनमधील ‘आर्टोमॅटिक’ या कलाप्रदर्शनात मांडली. प्रदर्शन संपले तरी कार्डे येत राहिली. छापील कार्डे संपल्यावर लोक घरी केलेल्या कार्डांवर चित्रे काढून, कात्रणे आणि छायाचित्रे चिकटवून गुपिते पाठवू लागले. १ जानेवारी २००५ रोजी वॉरन यांनी ‘पोस्टसिक्रेट’ नावाचा ब्लॉग सुरू केला आणि दर रविवारी निवडक कार्डे तिथे प्रसिद्ध होऊ लागली. आजवर आलेल्या कार्डांची संख्या दहा लाखांच्या घरात पोहोचली आहे. त्यांतून पुस्तके निघाली. त्यांपैकी जीवन, मृत्यू आणि ईश्वर या विषयांवरील २००९ चे पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. २०१५ मध्ये वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयाने या कार्डांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

नाव न सांगता मन मोकळे करण्याची गरज अमेरिकेत त्याआधीही वेगवेगळ्या रूपांत दिसली होती. ओहायो राज्यातील ॲक्रन येथे १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मद्यपींची चळवळ सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी पायरी आपल्या चुका ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करण्याची आहे, आणि निनावीपण हे तर चळवळीचे मूलतत्त्वच आहे. १९८० मध्ये ॲलन ब्रिज या कलावंताने न्यूयॉर्कच्या भिंतींवर पत्रके लावून एक दूरध्वनी क्रमांक जाहीर केला. ज्याला कोणाची क्षमा मागायची असेल त्याने नाव न सांगता त्या क्रमांकावर आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करायचे होते. पुढे दूरध्वनी करणाऱ्यांना इतरांचे निरोप ऐकण्याची आणि त्यांना उत्तर देण्याची सोय झाली. ब्रिज यांच्या १९९५ मधील मृत्यूपर्यंत ही ‘अपॉलॉजी लाइन’ चालू होती. एकाचे बोलणे अनेकांनी ऐकायचे आणि ऐकणाऱ्यांतून पुन्हा कोणी बोलते व्हायचे, ही रीत इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीच तिथे रुळली होती. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ आणि ‘लाइव्हजर्नल’ या सेवा सुरू झाल्या, तेव्हा संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्यालाही स्वतःचे पान चालवता येऊ लागले.

निनावी शब्दाला अमेरिकेत कायद्याचेही पाठबळ आहे. राज्यघटनेच्या मंजुरीसाठी १७८७-८८ मध्ये लिहिलेले ‘फेडरॅलिस्ट’ निबंध ‘पब्लियस’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाले होते. १९९५ मध्ये मॅकिंटायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निनावी पत्रके वाटण्याचा अधिकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्या निबंधांचा आणि पत्रकांचा विषय राजकारण होता. पोस्टसिक्रेटने हेच संरक्षण खाजगी आयुष्यातील दुःख, लाज, अपराधभाव आणि इच्छा यांच्यापर्यंत नेले.

यासाठी पोस्टकार्ड हे साधन नेमके योग्य ठरले. बंद पाकिटात मजकूर झाकलेला असतो आणि पाठवणारा उघड असतो. निनावी पोस्टकार्डात हे उलटे होते. मजकूर टपाल खात्यातील कोणीही वाचू शकतो, पण तो कोणाचा हे कोणालाच कळत नाही. गुपिताची खरी भीती त्यातील घटनेपेक्षा ती घटना आपल्या नावाशी जोडली जाण्याची असते. ही जोडणी तुटली की तीच गोष्ट जगासमोर ठेवता येते. शिवाय कार्ड बनवायला वेळ लागतो. काय लिहायचे ते चार ओळींत बसवावे लागते, चित्र निवडावे लागते, तिकीट लावून पेटीपर्यंत जावे लागते. या प्रत्येक टप्प्यावर माणसाला थांबण्याची संधी मिळते. रागाच्या भरात किंवा दुसऱ्याला दुखावण्यासाठी लिहिलेले बरेचसे त्या वाटेवरच गळून पडते.

गुपित लिहिल्याने मन हलके होते या अनुभवाला मानसशास्त्राचा आधार आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले होते. आयुष्यातील आघाताची हकिगत आणि त्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढील सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की एखादा विचार मनात येऊ द्यायचा नाही असे ठरवले की तो अधिकच येत राहतो. कोलंबिया विद्यापीठातील मायकेल स्लेपियन यांच्या संशोधनानुसार माणूस सरासरी तेरा गुपिते बाळगून असतो आणि त्यांपैकी सुमारे पाच त्याने कोणालाही सांगितलेली नसतात. लोकांपासून गुपित लपवण्याचे प्रसंग तसे थोडेच येतात. एकटे असताना मन त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळते आणि त्याचाच त्रास जास्त होतो, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. म्हणजे गुपिताचे ओझे मुख्यतः एकटेपणाचे असते.

हे एकटेपण कार्ड पाठवणाऱ्याचे जितके कमी होते तितकेच वाचणाऱ्याचेही होते, आणि पोस्टसिक्रेटभोवती समुदाय उभा राहिला तो यामुळे. समोर नाव असते तेव्हा वाचक त्या व्यक्तीला तोलतो, तिला सल्ला देतो, तिच्याविषयी मत बनवतो. नाव नसले की मत बनवायला माणूसच उरत नाही. उरते फक्त गोष्ट, आणि वाचक ती स्वतःला लावून पाहतो. एकाच्या कार्डात दुसऱ्याला स्वतःचे गुपित सापडते. वॉरन महाविद्यालयांत व्याख्यानांना जातात तेव्हा शेवटी श्रोते ध्वनिक्षेपकासमोर येऊन आपले गुपित उघडपणे सांगतात. निनावी कार्ड हा अनेकांसाठी बोलण्याचा सराव ठरतो आणि त्यानंतर एखाद्या विश्वासाच्या माणसाशी नावानिशी बोलणे जमते.

तरी निनावीपणातून समुदाय आपोआप तयार होत नाही. पोस्टसिक्रेट चालवण्याच्या पद्धतीत तीन गोष्टी ठाम आहेत. पहिली, आलेले कार्ड एक जबाबदार माणूस हातात घेऊन वाचतो आणि काय प्रसिद्ध करायचे ते ठरवतो. दुसरी, ठरलेला संथ क्रम : आठवड्यातून एकदा, रविवारी, मोजकी कार्डे. तिसरी, ब्लॉगवरून मदतीकडे जाणारी वाट. वॉरन यांनी ब्लॉगवर जाहिराती घेतल्या नाहीत. आत्महत्येच्या विचाराशी झगडणाऱ्यांसाठी चालणाऱ्या ‘होपलाइन’ या दूरध्वनी सेवेला मात्र त्यांनी ब्लॉगवर ठळक स्थान दिले आणि तिच्यासाठी निधीही उभा केला. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कागदपत्रांविना राहणाऱ्या एका स्थलांतरिताने जीव देण्याचा विचार कार्डावर लिहिला, तेव्हा त्याला थांबण्याची विनवणी करण्यासाठी हजारो वाचक फेसबुकवर एकत्र आले. त्या माणसाचे नाव, चेहरा, वय यांतले काहीच कोणाला ठाऊक नव्हते. तरीही तो आपला आहे असे इतक्या लोकांना वाटले, कारण त्याआधीची काही वर्षे ते रविवारमागून रविवार अनोळखी माणसांची दुःखे वाचत आले होते.

या गोष्टी काढून घेतल्या की काय होते, हे वॉरन यांनाच पुढच्या वर्षी अनुभवायला मिळाले. सप्टेंबर २०११ मध्ये पोस्टसिक्रेटचे मोबाइल ॲप बाजारात आले. काही महिन्यांतच त्यावर वीस लाखांहून अधिक गुपिते जमा झाली. त्यांपैकी नव्व्याण्णव टक्के उपक्रमाच्या भावनेला धरून होती, असे वॉरन यांनी नंतर सांगितले. पण उरलेला एक टक्काही स्वयंसेवकांना आवरेना. चोवीस तास देखरेख ठेवूनही अश्लील, बीभत्स आणि धमकीचा मजकूर येतच राहिला. वापरणाऱ्यांना, देखरेख करणाऱ्यांना आणि वॉरन यांच्या कुटुंबालाही धमक्या आल्या. संपूर्ण निनावीपणामुळे त्रास देणाऱ्याला कायमचे बाहेर काढणे शक्य नव्हते. २०१२ उजाडता उजाडता ॲप बंद करण्यात आले. माणूस तोच, हेतू तोच आणि वाचकवर्गही बराचसा तोच होता. बदलला होता तो वेग, आणि मधला वाचणारा हात गळाला होता.

त्यानंतर आलेल्या व्यापारी ॲपनी हाच धडा मोठी किंमत मोजून घेतला. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेले ‘सिक्रेट’ गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर हाती असूनही एप्रिल २०१५ मध्ये बंद पडले. परिसरातील लोकांना निनावी बोलू देणारे ‘यिक यॅक’ महाविद्यालयांत छळ आणि धमक्यांचे साधन बनले आणि २०१७ मध्ये थांबले. ‘व्हिस्पर’चा धोका वेगळा होता. वापरणाऱ्यांचे वय, ठिकाण आणि इतर तपशील असलेला त्याचा साठा इंटरनेटवर उघडा पडल्याचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मार्च २०२० मध्ये दाखवून दिले. वाचकापासून नाव लपले तरी यंत्रापासून माणूस लपतोच असे नाही. रायडर विद्यापीठातील जॉन सुलर यांनी २००४ मध्येच लिहिले होते की ऑनलाइन जगात संकोच गळून पडतो, तेव्हा त्यातून कधी मोकळेपणा आणि माया बाहेर येते, तर कधी द्वेष आणि क्रौर्य. यांपैकी काय बाहेर येईल हे पुष्कळसे त्या जागेच्या रचनेवर अवलंबून असते.

मराठी समाजाला हा प्रश्न परका नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक लैंगिक जीवनाविषयीच्या अशा शंका विचारत, ज्या घरात किंवा वैद्यापुढेही उच्चारण्याची सोय नव्हती. कर्वे त्यांना शास्त्रीय माहितीच्या आधारे, न लाजवता उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू न्यायालयात लढवली. तिथेही प्रश्नाचा आदर करणारा आणि उत्तराची जबाबदारी घेणारा संपादक मध्ये उभा होता. विचारणारा एक असला तरी उत्तर वाचून सावरणारे अनेक होते.

घरातली गोष्ट घरातच राहावी आणि लोक काय म्हणतील याचा विचार आधी व्हावा, या संस्कारांत वाढलेल्या माणसांना निनावी बोलण्याची गरज अधिकच आहे, मग ती पुण्यात राहत असोत की न्यू जर्सीत. अमेरिकेतील वीस वर्षांच्या अनुभवातून त्यासाठीचे निकष स्पष्ट होतात. सांगणाऱ्याचे नाव खरोखरच कोठे साठवले जाऊ नये. आलेले प्रत्येक गुपित प्रसिद्धीपूर्वी एका जबाबदार माणसाने वाचावे. त्यात दुसऱ्या कोणाला ओळखता येईल असा उल्लेख राहू नये. प्रसिद्धीचा वेग माणसाच्या लक्ष देण्याच्या कुवतीएवढाच ठेवावा. आणि ज्याला शब्दांपलीकडची मदत हवी आहे त्याला ती कोठे मिळेल हे त्याच पानावर सांगावे. अमेरिकेत २०२२ पासून त्यासाठी ९८८ हा क्रमांक आहे, भारतात त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६. निनावीपण बोलणाऱ्याला धीर देते. त्या धीराचा समुदाय व्हायचा असेल, तर ऐकण्याची जबाबदारी कोणीतरी नावानिशी घ्यावी लागते.