पूर ओसरल्यावरचा अपरिग्रह

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची खूण ४५ फुटांची आहे. पाणी कित्येक दिवस घरांतून हललेच नाही, आणि हलले तेव्हा गल्लोगल्ली ढीग लागले: गाद्या, धान्य, कपाटांच्या फुगलेल्या फळ्या आणि त्यांतच टीव्ही, मिक्सर, फ्रीज, पंखे. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, वाशिष्ठीने चिपळूणच्या बाजारपेठेत तीच अवस्था केली. अशा वेळी धीर द्यायला आलेला माणूस हमखास म्हणतो, जीव वाचला ना, वस्तू काय, परत घेता येतील. म्हणणे खरे आहे आणि मायेचेही. पण त्याच्या आडोशाला एक तत्त्वज्ञान येऊन बसते, ते तपासायला हवे. वस्तू नाशवंतच, तेव्हा बुडालेली वस्तू सोडून देणे हे वैराग्य, आणि चिखलाने भरलेला मिक्सर उघडून बसणे हा मोह, अशी ती समजूत. माझ्या मते गोष्ट बरोबर उलटी आहे, आणि तिचा पुरावा ग्रंथांच्या आधी त्या मिक्सरमध्येच सापडतो.

पाण्यात बुडाले म्हणून यंत्र लगेच मरते असे नाही. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. पुराच्या पाण्यात मात्र क्षार, शेतातले खत, गटाराची घाण आणि बारीक गाळ असतो, म्हणून ते घातक. तरीही यंत्र बंद असताना बुडाले असेल तर आत घडते ते मुख्यतः गंजणे, आणि गंजाला वेळ लागतो. खरा घात होतो तो ओल्या यंत्राला वीज दिल्यावर. सर्किट बोर्डावरच्या दोन तांब्याच्या रेषांमध्ये ओल असली आणि वर विजेचा दाब आला, की धन बाजूचे तांबे विरघळते, ऋण बाजूवर जाऊन बसते आणि तिथून केसासारखे तंतू परत वाढत येतात. ते पलीकडे टेकले की शॉर्ट. मोटारीच्या वायंडिंगमध्ये ओल राहिली असेल तर इन्सुलेशन फुटते आणि गुंडाळी जळते. म्हणून दुरुस्तीच्या कामाचा पहिला नियम असा की चालू करून पाहायचे नाही, आणि रिमोट किंवा रेडिओ असेल तर आतले सेल आधी काढायचे. घाई करायची ती धुण्याची. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने निघतो. वाळला की आयसीच्या पायांखाली घट्ट बसतो आणि पुढे कित्येक महिने हवेतली ओल ओढत राहतो. मग शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, मग सावकाश वाळवणे, आणि मोटार असेल तर मेगर लावून इन्सुलेशन मोजणे. लोक याच्या नेमके उलट वागतात. धुण्याचा कंटाळा करतात, वस्तू दोन तास उन्हात ठेवतात आणि प्लग लावून पाहतात. पुराने जे शिल्लक ठेवले होते ते त्या क्षणी जाते.

हा प्लग कोण लावतो? वस्तूवर ज्याचा जीव जडला आहे तो. आपली वस्तू वाचली की नाही हे त्याला आत्ताच्या आत्ता हवे असते. जैन विचारात परिग्रहाची जी व्याख्या आहे ती इथे तंतोतंत लागू पडते. सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर जैन घरांत उमास्वामी या नावाने आणि श्वेतांबरांत उमास्वाती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आचार्यांनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रह वस्तूंच्या संख्येवर मोजलेला नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूपायी भान हरपणे, हाच त्यांच्या लेखी परिग्रह. या कसोटीवर घाईने बटण दाबणारा परिग्रही ठरतो, आणि गंमत अशी की किळस येऊन सगळाच ढीग रस्त्यावर लोटणाराही तसाच. दोघांनीही वस्तूकडे पाहिलेले नसते. एकाला आपली आशा दिसते, दुसऱ्याला आपला वैताग. झाकण उघडून, कोणता भाग गेला आणि कोणता राहिला हे शांतपणे बघणाऱ्याला मात्र भान सोडून चालतच नाही. दुरुस्तीत अनासक्ती हा वरून चढवलेला गुण नाही. तिच्यावाचून ते काम साधतच नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण टाकून मोकळे होण्यात वाईट काय? मोकळे कोण होते, एवढाच प्रश्न आहे. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; तरी दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादमध्ये माणसांनी उघड्या हातांनी बोर्ड फोडावेत, जाळावेत, आम्लात बुडवून तांबे काढावे, हे अनेक वर्षे चालत आले आहे. जुन्या सोल्डरमधले शिसे त्यांच्या फुप्फुसात जाते. आपण ज्याला त्याग म्हटले त्याचा भोग दुसऱ्याच्या अंगावर पडला. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचेही सात्त्विक, राजस, तामस असे भेद केले आहेत आणि कष्टाला भिऊन केलेला त्याग राजस ठरवला आहे. तिथे विषय कर्माचा आहे, वस्तूंचा नाही, हे मान्य. पण टाकणे हे आपोआप पुण्य होत नाही, एवढे तरी तिथून निघतेच.

याहून वजनदार आक्षेप धोक्याचा आहे. दुरुस्तीचा हट्ट हीसुद्धा मूर्च्छा असू शकते, आणि ती माणसाचा जीव घेऊ शकते. पाण्यात गेलेली एमसीबी धुऊन पुन्हा बसवायची नसते, बदलायची असते. ऐन वेळी ती पडली नाही तर घर जळते. लिथियम बॅटरीत पाणी शिरले तर ती कधी पेट घेईल सांगता येत नाही. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा भार धरून ठेवतो, म्हणून तिथे नवशिक्याचे काम नाही. एलसीडीच्या पडद्यामागच्या थरांत गढूळ पाणी गेले की डाग कायमचे. फ्रीजचे उदाहरण फार बोलके आहे: त्याचा कॉम्प्रेसर सीलबंद असल्याने अनेकदा शाबूत राहतो, पण भिंतींतल्या इन्सुलेशनने घाण पाणी प्यायलेले असते. यंत्र चालते, आणि अन्न ठेवायच्या लायकीचे मात्र राहत नाही. तेव्हा हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. तो ते पुरे करतो. काय सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार झाकण उघडून पाहिल्यावरच येतो. न पाहता सोडणे आणि पाहून सोडणे यांत रस्त्यावरचा ढीग सारखाच दिसेल. तरी पहिला वैताग आहे आणि दुसरा त्याग.

बोर्ड बदलला, मोटार पुन्हा गुंडाळली, बेअरिंग नवे घातले. मग वस्तू तीच राहिली का? आपल्याकडे हा वाद जुना आहे. बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा एकेक भाग दाखवून विचारले होते की यांतला रथ कोणता. रथ हे केवळ व्यवहाराचे नाव, असे बौद्धांचे म्हणणे. न्याय-वैशेषिक म्हणतात, अवयवी, म्हणजे भागांची मिळून झालेली वस्तू, खराच असतो आणि अवयवांहून वेगळा असतो, पण एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो. फाटलेल्या वस्त्राच्या जागी खंडपट येतो तसा. मला या प्रकरणात नैयायिक जवळचे वाटतात. पुरातून वाचवलेला टीव्ही हा पहिला टीव्ही नसतो, आणि हे मान्य केले की त्याच्याशी सरळ वागता येते. गिऱ्हाइकाला ‘पुरातला आहे’ हे न सांगता विकणारा दुकानदार जुन्या वस्तूचे नाव नव्या वस्तूला चिकटवून पैसे घेतो. तो व्यवहार चोरीत जमा करावा लागेल. अस्तेय हे व्रतही अपरिग्रहाच्या पंक्तीतच बसलेले आहे.

उरतो एक आक्षेप, सगळ्यांत प्रामाणिक. गरीब घर दुरुस्ती करते ते दुसरा पर्याय नसतो म्हणून. त्याला अध्यात्म चिकटवणे ही भरल्या पोटाची चैन आहे. खरे आहे. गरज म्हणून केलेल्या कामाला व्रत म्हणून मिरवू नये. पण गरजेचे काम नीट करायचे तर गरिबालाही तेच भान लागते, आणि आज ते त्याला परवडू नये अशी व्यवस्था आपण केली आहे. दुरुस्तीवाल्याला पैसे मिळतात ते वस्तू चालू झाली तर. ‘ही वापरू नका’ असे सांगणारा हात हलवत जातो, म्हणून दुरुस्तीवाला वस्तू कशीबशी चालू करून देतो. अनासक्तीचा सगळा भार त्या एकट्यावर टाकणे अन्यायाचे आहे. पुढच्या पुरानंतर बुडालेला मिक्सर घेऊन त्याच्याकडे जाल, तेव्हा तपासणीचे पैसे आधी ठरवा, आणि त्याने नकार दिला तरी ते पुरते द्या.