चिल्लर कुणी मोजायची?

गेल्या वर्षी एका सोमवारी मी बँकेत भांडून जिंकलो. त्या जिंकण्याची लाज अजून गेलेली नाही.

मी केंदूरचा. शिरूर तालुक्यातलं, पाबळच्या शेजारचं गाव. वारकऱ्यांना ते संत कान्हूराज महाराज पाठकांचं गाव म्हणून ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगावं लागतं. रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात नाणी शोधतो. जमिनीत नाही, चिल्लरीत. दुकानदाराचा गल्ला, देवळाची दानपेटी, बँकेची थैली, जिथून मिळेल तिथून नोटा देऊन सुटी नाणी घ्यायची. रात्री सतरंजीवर ओतायची आणि एकेक उलटून पाहायची. साल बघायचं, सालाखालची खूण बघायची. मुंबईच्या टांकसाळीचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. छाप सरकलेला असेल किंवा एखादी बाजू कोरी राहिली असेल तर ते नाणं बाजूला काढायचं. हजारात एखादं मिळतं, कधी तेही नाही. उरलेल्या नाण्यांचं काय करायचं? बँकेत भरायची.

त्या सोमवारी मी अशीच दोन हजारांच्या आसपास नाणी तांदळाच्या पिशवीत घालून आमच्या भागातल्या एका शाखेत गेलो. एक, दोन, पाच, सगळी एकत्र. वजन साधारण दहा किलो. कॅशियर मॅडमनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दादा, हे मोजायचं कुणी? नोटांचं मशीन आहे, नाण्यांचं नाही. आणि एवढ्या चिल्लरीला चार्ज लागतो.”

मी मोबाइल काढला. नाणी स्वीकारायला कुठल्याही शाखेने नकार देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना पुन्हा पुन्हा बजावलं आहे. ते परिपत्रक माझ्याकडे तयारच होतं, मोठ्याने वाचून दाखवलं. मॅनेजर बाहेर आले. वाद नको म्हणून त्यांनी चार्ज सोडून दिला आणि मॅडम मोजायला बसल्या. पन्नास मिनिटं लागली.

माझ्या मागे एक आज्जी उभ्या होत्या. निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या. आधी उभ्या, मग भिंतीला टेकून, मग खाली बसून. माझी पावती झाली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद. आज्जी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पिशवीची गाठ मारत स्वतःशीच म्हणाल्या, “राहू दे, उद्या येते.” उद्या यायचं म्हणजे परत जीपचं भाडं, परत अर्धा दिवस.

माझं काही चुकलं का? नियम माझ्या बाजूने होता, एक रुपयाही मी लबाडीने मिळवला नव्हता. तरीही माझ्या छंदाची किंमत त्या दिवशी तिघांनी भरली. मॅडमच्या बोटांनी, मॅनेजरच्या डोक्याने आणि आज्जीच्या गुडघ्यांनी. मी सोडून सगळ्यांनी.

हा छंद तसा आपला नाही, अमेरिकेत रुजलेला. तिथे 1964 पर्यंतच्या दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांत 90 टक्के चांदी होती. 1965 ते 1970 च्या अर्ध्या डॉलरमध्ये 40 टक्के. त्यातली काही अजूनही व्यवहारात फिरतात. म्हणून लोक बँकेतून कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या सुरळ्या, कधी अख्खी खोकी विकत घेतात, चांदी वेचतात आणि उरलेली नाणी परत करतात. पण एक गंमत बघा. मुरलेले शोधक ज्या बँकेतून नाणी घेतात, तिथे ती परत करत नाहीत. घ्यायची बँक वेगळी, ओतायची बँक वेगळी. कारण जिथे ओतायचं, तिथे आपण नकोसे होणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. जे काम आपण ओळखीच्या दारात करत नाही, त्याबद्दल आपल्या मनाने आधीच निकाल दिलेला असतो, असं मला वाटतं.

आपल्याकडे चांदीचा प्रश्न नाही, आजची आपली नाणी बहुतेक पोलादाची. पण मोजण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड आहे. रिझर्व्ह बँकेने सुचवलंय की एक आणि दोन रुपयांची नाणी शक्यतो वजनावर घ्यावीत, किंवा शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्यांत घ्यावीत. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात 1992 पासूनचा रुपया 25 मिलिमीटरचा, 4.85 ग्रॅमचा. 2011 साली रुपया लहान झाला, 3.79 ग्रॅमचा. आणि 2011 सालचं दोन रुपयांचं नाणं? 25 मिलिमीटर, 4.85 ग्रॅम. म्हणजे जुना रुपया आणि नवे दोन रुपये आकाराने आणि वजनाने जुळे भाऊ. तराजूला ते वेगळे कळत नाहीत, माणसाच्या डोळ्यालाच कळतात. आणि डोळा दमतो.

मग बँकेने चार्ज लावला तर काय चुकलं? मोजणं हे काम आहे आणि कामाला दाम असतो. इथवर मला पटतं. पुढे अडतं.

आमच्या आळीत नानांचं किराणा दुकान आहे. शाळेतली पोरं रुपया, दोन रुपये घेऊन गोळ्या-बिस्किटं घ्यायला येतात. नानांच्या गल्ल्यात चिल्लर साठते ती हौसेने नव्हे. ग्राहकाने दिलेलं चलन ते नाकारू शकत नाहीत, आणि घाऊक व्यापारी मात्र नाण्यांची पिशवी बघून तोंड वाकडं करतो. कायदाही व्यापाऱ्याच्या बाजूने उभा राहू शकतो. 2011 च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतच वैध चलन आहेत, त्यापुढे घेणाऱ्यावर सक्ती नाही. म्हणजे नानांना बँकेशिवाय दार नाही. त्या दारातही पैसे मागितले, तर सरकारने छापलेला रुपया नानांच्या हातात पूर्ण रुपया राहत नाही. गरिबाचा पैसा बहुतेक नाण्यांत असतो, श्रीमंताचा मोबाइलमध्ये. नाण्यावरचा चार्ज कुणाच्या खिशावर पडतो, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या प्रमाणावर हेच शिर्डीत दिसलं. साईबाबा संस्थानाच्या दानपेट्यांतली नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही, अशा बातम्या 2019 मध्ये आल्या, 2023 मध्ये पुन्हा आल्या. भक्ताने श्रद्धेने टाकलेलं नाणं शेवटी कुणाच्या तरी गोदामात पोतं होऊन पडतं. दुसऱ्या टोकाला, नाणी लोकांपर्यंत पोचावीत म्हणून रिझर्व्ह बँकच बँकांना पैसे देते. सप्टेंबर 2021 पासून प्रत्येक थैलीमागे 65 रुपये, आधी 25 होते. एकीकडे वाटायला बक्षीस, दुसरीकडे ठेवायला जागा नाही. मधे उभा आपला कॅशियर.

नानांची पिशवी आणि माझी पिशवी काउंटरवर शेजारी ठेवली तर दोन्हींत तीच नाणी, तेच वजन, तोच त्रास. दोघांना सारखा चार्ज लावला तर नानांवर अन्याय. दोघांना माफ केला तर माझी हौस मॅडमच्या डोक्यावर. बँकेला हा फरक कळायचा कसा? नियमाला डोळे नसतात. पण मला फरक कळतो. माझी चिल्लर गरजेची नाही, निवडीची आहे, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. जो फरक नियमाला दिसत नाही आणि मला दिसतो, तो पाळायची जबाबदारी माझ्यावर येते. “नियमात बसतं” हे वाक्य मी ढाल म्हणून वापरलं, पण तो नियम नानांसारख्यांसाठी बनला होता. मी त्यांची ढाल उसनी घेतली आणि आज्जींच्या रांगेत घुसलो.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला जास्त जड जाते.

नानांच्याच गल्ल्यातून घेतलेल्या नाण्यांत मला एकदा छाप सरकलेला रुपया सापडला. चित्राचा चांगला पाव भाग नाण्याबाहेर गेलेला. पुण्यातल्या एका संग्राहकाने त्याचे चौदाशे रुपये दिले. मी नानांना एक रुपया दिला होता.

मी स्वतःशी हिशेब मांडला. नानांना त्यांच्या नाण्याची पूर्ण किंमत मिळाली. मी शोधलं नसतं तर तो रुपया गोळीच्या बदल्यात पुढे गेला असता. तीन हजार नाणी उलटली, तेव्हा एक सापडलं. ही माझी मजुरी. यातलं काहीच खोटं नाही. पण मग दुकानासमोरून जाताना मी चाल का वाढवत होतो?

आठवड्याने जाऊन सांगितलं. नाना हसले. “तुझ्या डोळ्याचे पैसे आहेत ते. मला काय दिसणार होतं?” मला हायसं वाटलं. तेवढ्यात बिस्किटांचा पुडा लावता लावता त्यांनी विचारलं, “पण काय रे, गल्ल्यातच दिसलं असतं तुला, माझ्यासमोर, तर सांगितलं असतंस?”

मी “हो” म्हणालो. उशिरा म्हणालो.

ज्ञानाचे पैसे घेणं वाईट नाही. वैद्य घेतो, वकील घेतो. पण ते समोरच्याला सांगून घेतात की मी तुझ्यापेक्षा जास्त जाणतो, म्हणून तू माझ्याकडे आलास. मी नानांना हे कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, पोरगं आपली चिल्लर नेतं, बँकेची खेप वाचवतं, उपकार करतं. मी तो गैरसमज तसाच ठेवला. खोटं बोललो नाही, पण खरं सांगायची वेळ आली तेव्हा नाणी मोजत बसलो. सौदा आणि फसवणूक यांच्यामधली भिंत कधी कधी एवढीच असते, की समोरच्याला खेळ कुठला चाललाय हे माहीत आहे का.

आणि ज्यांना माहीत नसतं, त्यांचं काय होतं तेही मी पाहिलंय. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखोंना विकलं जातं, असे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. ती नाणी 2012 साली निघाली आणि सहज मिळतात. गावातला एक बारावीतला मुलगा असं नाणं घेऊन माझ्याकडे आला. फोनवरच्या माणसाने ‘नोंदणी फी’ मागितली होती, ती भरायला तो आईकडून पैसे घेणार होता. अशा फसव्या जाहिरातींत आपलं नाव आणि चिन्ह वापरलं जातं, म्हणून रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध करावं लागलं. मी त्याला म्हटलं, हे नाणं दहा रुपयांचं आहे, दहालाच खर्च कर. त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, मीच ते लाटायला बघतोय. चौदाशेची गोष्ट तोवर गावात फिरली होती, त्याला दोष कसा देऊ?

छंद सोडला नाही. सोडून देणं सोपं असतं आणि त्यात मिरवायलाही मिळतं. पण काही गोष्टी बदलल्या.

नानांकडून नाणी घेताना आता मी त्यांच्यासमोर चटईवर बसून चाळतो. काही निघालं तर अर्धं-अर्धं. याचा परिणाम असा, की नानांनाच नाद लागला. चांगली दिसणारी नाणी ते आधीच काढून डब्यात ठेवतात आणि माझ्या हाती गाळ येतो. हे मला आवडलेलं नाही, पण तक्रार करायला तोंड नाही.

बँकेत मी जवळजवळ जात नाही. चाळून झालेली नाणी ज्यांना सुट्टे हवे असतात त्यांना देतो. चहावाला, पिठाची गिरणी, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मावश्या. सुट्ट्यांसाठी अडलेली माणसं शोधली की सापडतात. नाणं गोदामापेक्षा हातात बरं. अगदीच उरली, तर वेगवेगळी करून शंभर-शंभरच्या पिशव्या बांधतो आणि महिन्याच्या मधल्या आठवड्यात, दुपारनंतर जातो. चार्ज सांगितला तर भरतो. ती माझ्या हौसेची किंमत आहे, ती मीच द्यायला हवी. पण नानांकडे कुणी चार्ज मागितला, तर तेच परिपत्रक घेऊन मी त्यांच्याबरोबर जाईन. तिथे भांडायला मला लाज वाटणार नाही.

त्या आज्जी नंतर एकदा बँकेच्या पायरीवर दिसल्या. माझ्या हातात दोनच पिशव्या होत्या. मी त्यांना पुढे जा म्हटलं. त्यांनी मला ओळखलं नाही. पिशव्यांकडे बघून म्हणाल्या, “जा बाबा तूच, तुझं ओझं हाय.”

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांच्या मागे उभा राहिलो.