‘फॉल्ट’: भंग आणि दोष

‘फॉल्ट’ हा इंग्रजी शब्द मूळचा फ्रेंच. तेथे त्याचा एक अर्थ उणीव. कोळशाचा थर मध्येच तुटला, की इंग्रज खाणकामगार त्यालाही ‘फॉल्ट’ म्हणत. भूशास्त्राने ते नाव उचलले. मराठीने मात्र वाटणी केली: जमिनीचा तो प्रस्तरभंग, माणसाचा तो दोष, आणि वीज गेली की लाइनवर ‘फॉल्ट’.

ही वाटणी निरुपद्रवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि लातूर-उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावे कोसळली, तेव्हा ‘निसर्गाचा कोप’ म्हणून विषय मिटवणे सोपे झाले. वस्तुतः हजारो माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदावरच्या मातीच्या भाराखाली. मग दोष घर बांधणाऱ्याचा? उन्हाला तोंड देण्याचे ते पिढीजात शहाणपण होते. शिवाय दख्खनचे पठार स्थिर आहे, असा तज्ज्ञांचाच समज होता. (शेतकऱ्याने त्यांना विचारून माळवद घातले नव्हते, हे वेगळे.)

दोष आहे, दोषी सापडत नाही. म्हणून ‘उणीव’ हा जुना अर्थच मला अधिक प्रामाणिक वाटतो. भिंतीचे दोन पदर सांधणारे आरपार दगड अनेक घरांत नव्हते. ही उणीव कोणी ठेवली, हे विचारण्याआधी ती कोणाला दिसू शकत होती, हे विचारले पाहिजे. आणि १९९३ नंतर ती दिसत नव्हती, असे कोणालाच म्हणता येत नाही.