सिस्टरना सुतक नसतं का?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी परदेशीपुऱ्यातल्या आपल्या उपासनेला एक ताई ड्यूटी संपवून थेट आल्या. त्या नर्स आहेत. आरतीला उभ्या होत्या, पण हात टाळीला उठत नव्हते. प्रसाद घेताना म्हणाल्या, "आज आमच्या वॉर्डातले एक आजोबा गेले. महिनाभर मीच त्यांना चहा पाजायचे." आम्ही चटकन बोलून गेलो, "ताई, तुम्हाला तर आता सवयच असेल." त्या नुसत्या हसल्या आणि निघून गेल्या. ते हसणं अजून आमच्या मनातून जात नाही.

आपल्या घरात कुणी गेलं की दहा दिवस सुतक असतं. शेजारी पिठलं-भात आणून देतात, कुणी जवळ बसतं, तेराव्याला गोडाचं होतं, मग माणूस हळूहळू सावरतो. सिस्टरना काय मिळतं? चादर बदलायची, कागद भरायचे, आणि त्याच पलंगावर आलेल्या पुढच्या पेशंटला हसून विचारायचं, "कसं वाटतंय?"

आपण म्हणतो, अनासक्त राहावं. खरं आहे. पण अनासक्ती म्हणजे मनाचा दगड करणं नव्हे. गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा, आणि त्यालाही 'योग' म्हटलंय. भगवंतांनी आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं, उपदेश नंतर केला.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. त्या बऱ्या होणार नाहीत हे ठाऊक असूनही तिथल्या नर्सेसनी, पिढ्या बदलल्या तरी, जवळपास ४२ वर्षं त्यांना सांभाळलं. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तेव्हा घरचं माणूस गेल्यासारख्या त्या नर्सेस रडल्या. फळाची आशा नव्हती, सेवेत कसूर नव्हती, आणि तरी डोळ्यांत पाणी होतं. याहून वेगळा निष्काम कर्मयोग कोणता?

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टल्स यांनी एक साधी पद्धत सुरू केली. पेशंट गेला की उपचार करणारे सगळे त्याच्याजवळ मिनिटभर शांत उभे राहतात, मग पुढच्या कामाला लागतात. आम्हाला वाटतं, ते मिनिट म्हणजेच त्यांचं सुतक.

दवाखान्यात काय व्हावं हे आपल्या हातात नाही, घरात काय व्हावं हे आहे. आपल्या कुटुंबात कुणी नर्स, वॉर्डबॉय किंवा आया असेल, तर "सवय झाली असेल" हे वाक्य बंद करू या. विचारू या, "कसे होते ते?" आणि मधे न बोलता ऐकू या. झोप, जेवण उडालं असेल तर डॉक्टरांचा, समुपदेशकाचा सल्ला घ्यायला सोबत जाऊ या. त्यात कमीपणा नाही.

येत्या गुरुवारी आरतीनंतर त्या आजोबांसाठी एक माळ जप करायचा आहे. आणि जपाआधी आम्हाला ताईंची माफी मागायची आहे.

॥ श्री गुरुचरणी अर्पण ॥ 🌼