रक्त नको म्हणणारा रोगी आणि सर्जनचा शब्द

मोठे ऑपरेशन ठरले की डॉक्टर प्रथम रक्ताची सोय करून ठेवावयास सांगतात. अशा वेळी मंडळीतले तरुण रक्त देण्यास धावून जातात, आणि हे त्यांना शोभण्यासारखेच आहे. परंतु रोगी स्वतःच म्हणाला की, “ऑपरेशन करा, पण मला कोणाचेही रक्त देऊ नका, मरण आले तरी चालेल,” तर सर्जनने काय करावे?

यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक असे म्हणतात. उत्पत्ती ९:४, लेवीय १७ वा अध्याय आणि प्रेषितांची कृत्ये १५:२९ यांतील रक्तासंबंधीची मनाई शिरेतून घेतलेल्या रक्तालाही लागू आहे, अशी त्यांची १९४५ पासूनची शिकवण आहे. आपल्या मंडळ्यांना हा अर्थ पटत नाही. लेवीयातील नियम मारलेल्या प्राण्याच्या रक्ताविषयी आहे. रक्तदात्याचा मात्र जीव जात नाही आणि दुसऱ्याचा वाचतो. शब्बाथ दिवशी रोग्यांना बरे करून प्रभूने नियमामागील हेतू कसा ओळखावा हे दाखवून दिले आहे.

परंतु आपला अर्थ बरोबर आहे, एवढ्यावरून दुसऱ्याच्या शिरेत बळेच रक्त घालण्याचा अधिकार आपल्याला मिळतो काय? रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौलापुढे असाच प्रश्न होता. कोणतेही अन्न मूळचे अशुद्ध नाही, अशी त्याची स्वतःची खात्री होती. तरी ज्याला तसे वाटत नाही, त्याला त्याच्या मनाविरुद्ध खावयास लावू नये, असे तो शिकवितो. यावर कोणी म्हणेल की, मांस न खाल्ल्याने कोणी मरत नाही. रक्त न घेतल्याने मनुष्य मरू शकतो. हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील हृदयशल्यविशारद डॉ. डेंटन कूली यांनी या पंथाच्या रोग्यांना परत पाठविले नाही. ऑपरेशन चालू असता हृदय व फुप्फुसे यांचे काम करणारे यंत्र पूर्वी दात्यांच्या रक्ताने भरून घेत असत. त्यांनी ते ग्लुकोजच्या पाण्याने भरून चालविले. हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या यांवरील अशा ५४२ ऑपरेशनांचा वीस वर्षांचा अहवाल १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५१ रोगी महिन्याच्या आत दगावले. बारा मृत्यूंत रक्तक्षयाचा काही भाग होता, आणि तिघे तर सरळ रक्त गेल्यामुळेच मरण पावले.

या तिघांजवळ आपण क्षणभर थांबले पाहिजे. ज्या सर्जनने हात आवरला तो निर्दय होता काय? रक्त देणार नाही, हा शब्द त्याने रोगी शुद्धीवर असताना दिला होता. त्या शब्दावर विसंबूनच रोगी टेबलावर निजला. भूल दिल्यावर मनुष्याइतका असहाय कोणी नसतो. त्या वेळी शब्द मोडावयाचा असेल, तर आधी तो देण्यात अर्थ काय? शिवाय, शब्द पाळावयाचा म्हणून सर्जनला आणखी कष्ट घ्यावे लागतात. अगोदर लोह देऊन रक्त वाढविणे, थेंब थेंब जपणे, हे सर्व आले. त्या कष्टांचे फळ पुढे रक्त घेण्यास तयार असलेल्या रोग्यांनाही मिळाले.

ज्या सर्जनच्या मनाला हे सोसवत नाही, त्याने तसे अगोदर सांगावे आणि रोग्याला दुसऱ्या सर्जनकडे पाठवावे. त्याचीही सद्विवेकबुद्धी आहे. पण होय म्हणून मागाहून गुपचूप रक्त देऊ नये. १९७९ साली कॅनडातील एका अपघातात सापडलेल्या बेशुद्ध बाईजवळ, रक्त देऊ नये असे लिहिलेले कार्ड होते. ते ठाऊक असूनही डॉक्टरने रक्त दिले. बाई जगली. तरीही तिला वीस हजार डॉलर भरपाई देण्याचा निकाल १९९० साली वरच्या न्यायालयाने कायम केला. जीव वाचविणे हे चांगले कृत्य खरे, पण मनुष्याचा स्वतःच्या देहावरील हक्क त्याने नाहीसा होत नाही.

मात्र तो नकार रोग्याचा स्वतःचा असला पाहिजे. या पंथाने रक्त घेणाऱ्यास बहिष्कृत करण्याचा नियम १९६१ साली केला. भोवती वडीलमंडळी बसली असता दिलेले उत्तर विश्वासाचे की भीतीचे, हे कसे कळावे? म्हणून डॉक्टरने रोग्याला एकटे गाठून विचारावे, आणि त्याचे मन पालटले तर ते गुप्त राखावे. जातीबाहेर पडण्याचे दुःख आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. ही भीती माणसाकडून काय काय वदवून घेते, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

लेकराची गोष्ट निराळी. पाच वर्षांच्या मुलाने अजून कोणताही विश्वास स्वतः पत्करलेला नसतो. आईबाप स्वतः हुतात्मे होऊ शकतात, पण मुलांना हुतात्मे करण्याची त्यांना मोकळीक नाही, असा विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली याच पंथातील एका खटल्यात मांडला. तो खटला रक्ताचा नव्हता. परंतु अनेक देशांतील न्यायालये मुलांना रक्त देण्याची आज्ञा याच विचाराने देतात. आईबापांच्या श्रद्धेचा मान राखूनही हे योग्य आहे असे म्हणावे लागते.

संडे स्कूलच्या वरच्या वर्गात प्रेषितांची कृत्ये १५ वा अध्याय शिकविताना मुले हा प्रश्न विचारतील. शिक्षकाने त्या लोकांची थट्टा करू नये, आणि त्यांचा अर्थ बरोबर आहे असेही भासवू नये. आपल्याला रक्त देता येत असेल तर ते आनंदाने द्यावे. आणि शेजारच्या खाटेवरील मनुष्याने ते नाकारले, तर त्याच्याशी वाद घालीत न बसता, त्याच्यासाठी व त्याच्या सर्जनसाठी प्रार्थना करावी. दोघांचेही ओझे जड आहे.