पाणी आणि पानी

माणसाची निम्मी अब्रू त्याच्या जिभेच्या शेंड्यावर असते, असं माझं मत होत चाललं आहे. शेंडा वर वळवून टाळूला लावला की 'पाणी' होतं आणि माणूस सुसंस्कृत ठरतो. तोच शेंडा दातांमागे सरळ टेकला की 'पानी' होतं, आणि माणूस अशुद्ध! तहान मात्र दोन्हींनी सारखीच भागते.

आमच्या चाकुरात हा प्रश्न रोजचा. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. कचेरीत उर्दू, एका अंगाला कानडी, दुसऱ्या अंगाला तेलुगू आणि घरात मराठी. एवढ्या शेजारात राहून जीभ जशीच्या तशी कशी राहावी? पुण्याचा माणूस 'काय करतो आहेस?' असे तीन शब्द खर्च करतो. आम्ही 'काय करायलास?' म्हणून एक शब्द शिलकीत टाकतो.

मध्यंतरी पुण्याचे एक पाहुणे आले होते. शेजारची सात-आठ वर्षांची पोर तांब्या घेऊन धावत आली. "काका, पानी घ्या."

"पानी नव्हे बाळ, पा-णी. म्हण बघू!" पाहुणे प्रेमानंच म्हणाले.

पोरीनं तांब्या खाली ठेवला आणि ते जाईपर्यंत तोंड म्हणून उघडलं नाही. व्याकरण तिला कळलं नसेल. आपली आई चुकीचं बोलते, एवढं मात्र नेमकं कळलं.

बरं, शुद्धतेचा हिशेब मांडायचाच तर सगळ्यांचा मांडू या. हेच पाहुणे 'विषय'चा 'विशय' करतात आणि 'ऋषी'चा 'रुशी'. 'चमचा'तला च तर संस्कृतात औषधालाही सापडायचा नाही. 'चार' आकड्यातला च निराळा, गुरांच्या 'चाऱ्या'तला निराळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. अक्षरं तीच, उच्चार दोन. तिथं कुणाचं काही अडत नाही. अडतं ते आमच्या 'न'पाशी!

तिकडे मेक्सिकोत, ओआहाका प्रांताच्या डोंगरांत, चिनांतेक भाषा बोलतात. अभ्यासक त्यांच्या १४ वेगळ्या भाषा मोजतात. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. उसिला गावच्या बोलीत सपाट सुरांच्याच पाच पायऱ्या आहेत. सोचियापामचे पुरुष तर हे सूर शिळेत उतरवून डोंगरापलीकडच्या माणसाशी बोलू शकतात. आमचे पाहुणे तिथं उच्चार सुधारायला गेले, तर त्यांना आधी शीळ घालायला शिकावं लागेल.

मग शाळेत 'ण' शिकवूच नये की काय? जरूर शिकवावा. मुलाखतीच्या खुर्चीत बसलेल्या पोराचं 'ण'वाचून अडू नये. पण नवी खोली बांधताना जुनं घर पाडायचं कारण काय? अर्जात 'पाणी' लिहावं, आईपाशी 'पानी' मागावं. एका जिभेला दोन्ही झेपतात. झेपत नाही ती लाज.

'शुद्ध' हा शब्द मूळचा सोवळ्याओवळ्याचा. पाणी उकळून, गाळून शुद्ध करावं, माणसाचं बोलणं नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुणी, त्यात 'ण' आहे की 'न', हे विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.