पंथ सुटला, गीत उरले

अमेरिकी लोकगायिका आणि गीतकार आयरिस डिमेंट यांच्या गाण्यांतून धर्मविचारातला एक अवघड प्रश्न पुढे येतो. ज्या मतांवर आपला विश्वास उरलेला नाही, त्या मतांची भक्तिगीते प्रामाणिकपणे गाता येतात का? डिमेंट यांनी लहान वयातच चर्च सोडले, पण चर्चमधली गाणी आयुष्यभर जवळ बाळगली. त्यांची जडणघडण आणि ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी धरलेली स्वतंत्र वाट, दोन्ही पाहिल्या तर या प्रश्नाचे विचार करण्याजोगे उत्तर मिळते.

डिमेंट यांचा जन्म ५ जानेवारी १९६१ रोजी आर्कान्सा राज्यातील पॅरागोल्ड येथे झाला. १४ भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. त्या तीन वर्षांच्या असताना कुटुंब लॉस एंजेलिसच्या परिसरात राहायला गेले. घर पेंटेकोस्टल पंथाचे होते. १९०६ मध्ये याच शहरातील अझुसा स्ट्रीटवर कृष्णवर्णीय धर्मोपदेशक विल्यम सेमूर यांच्या प्रार्थनासभांनी या पंथाला मोठी चालना दिली होती. पवित्र आत्म्याचा अनुभव प्रत्येकाला थेट येऊ शकतो, या श्रद्धेवर पंथ उभा आहे. म्हणून त्याच्या उपासनेत प्रवचनाच्या बरोबरीने सामूहिक गायनाला, टाळ्यांना आणि उत्कट उद्गारांना स्थान असते. अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर शास्त्राचा अर्थ लागण्याच्या कितीतरी आधी सूर पडलेला असतो.

वडील पॅट डिमेंट फिडल वाजवत. धर्माकडे वळल्यावर त्यांनी ते वाद्य बाजूला ठेवले. आई फ्लोरा मे यांना नॅशव्हिलला जाऊन गायिका व्हायचे होते. संसारात ते राहून गेले, पण घरातले गाणे थांबले नाही. डिमेंट यांच्या ‘मामाज ऑप्री’ या गाण्यात आई कपडे वाळत घालताना गाते आणि लेकीला अंगणातच नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध कार्यक्रमाचा आनंद मिळतो. पाचव्या वर्षी बहिणींबरोबर लोकांपुढे गाताना आयरिस शब्द विसरल्या आणि त्यानंतर बराच काळ त्यांनी जाहीर गाणे टाळले. किशोरवयात त्या चर्चपासून दूर झाल्या. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका ओस पडलेल्या गावातून जाताना त्यांना ‘अवर टाउन’ हे पहिले गीत सुचले, तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या.

१९९२ मध्ये ‘इन्फेमस एंजल’ हा पहिला अल्बम आला. त्याची सुरुवात ‘लेट द मिस्टरी बी’ या गाण्याने होते. माणूस कुठून येतो, मेल्यावर कुठे जातो, याबद्दल लोक काय काय मानतात ते गाणे सांगते: कोणी स्वर्ग मानतो, कोणी पुनर्जन्म, कोणी काहीच नाही. गाणारी व्यक्ती यांतल्या कोणालाही खोटे ठरवत नाही आणि गूढ गूढच राहू देते. ही नास्तिकता नव्हे. देव नाही, असाही दावा इथे नाही. सृष्टीचे मूळ कदाचित तिच्या अधिष्ठात्यालाही ठाऊक नसेल, असे म्हणणाऱ्या ऋग्वेदातील नासदीय सूक्ताला हा सूर परका वाटणार नाही. अल्बमचा शेवट मात्र ‘हायर ग्राउंड’ या जुन्या भक्तिगीताने होतो आणि ते मुख्यतः फ्लोरा मे यांच्या आवाजात आहे. मुलीचा संशय आणि आईची श्रद्धा एकाच अल्बममध्ये शेजारी नांदतात.

यावर आक्षेप घेता येतो. भक्तिगीत म्हणजे देवाविषयीचे विधान असेल, तर ते न मानता गाणे हे ढोंग ठरेल, फार तर अभिनय. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ या ग्रंथात वेगळी मांडणी केली. धर्माचे मूळ भावनेत आणि अनुभवात असते, सिद्धान्त नंतर येतात, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य केले तर भक्तिगीत ही मुळात एक कृती ठरते. त्यातून शोक सोसला जातो, धीर धरला जातो, गेलेल्या माणसांशी नाते राखले जाते. सिद्धान्त गळून पडला तरी ही कृती खरी राहू शकते.

पण एवढ्याने भागत नाही. सिद्धान्ताचे बंधन नसेल, तर भक्तिगीत नुसते कानाला गोड लागणारे गाणे होऊन बसण्याचा धोका असतो. गाणारा स्वतःला कोणती शिस्त लावतो, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर डिमेंट यांच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटचालीत दिसते.

पहिला अल्बम राउंडर या स्वतंत्र कंपनीच्या ‘फायलो’ या नावाखाली निघाला होता. पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने तो पुन्हा प्रकाशित केला. या मोठ्या कंपनीकडून ‘माय लाइफ’ (१९९४) आणि ‘द वे आय शुड’ (१९९६) हे अल्बम आले. नंतर आठ वर्षे काहीच आले नाही. बाजार ठरावीक काळाने नवा माल मागतो. गाणे आल्याशिवाय लिहायचे नाही, हा डिमेंट यांचा स्वभाव. २००४ मध्ये त्यांनी ‘फ्लॅरिएला’ या स्वतःच्या लेबलवर ‘लाइफलाइन’ काढला. त्यातल्या १३ गाण्यांपैकी फक्त एक त्यांचे स्वतःचे आहे. बाकीची चर्चमधली जुनी गीते. आपल्यापुरती ही गाणी धर्माबद्दलची नसून त्याहून मोठ्या कशाबद्दल तरी आहेत, अशी त्यांची भूमिका आहे. त्यातले १८८७ सालचे ‘लीनिंग ऑन द एव्हरलास्टिंग आर्म्स’ पुढे ‘ट्रू ग्रिट’ (२०१०) या चित्रपटाच्या अखेरीस वापरले गेले.

स्वतःच्या नव्या गाण्यांचा ‘सिंग द डेल्टा’ आला तो २०१२ मध्ये, म्हणजे ‘द वे आय शुड’नंतर १६ वर्षांनी. त्यातल्या ‘द नाइट आय लर्न्ड हाउ नॉट टू प्रे’ या गाण्यात लहान भाऊ जिन्यावरून पडतो. बहीण जीव तोडून प्रार्थना करते, तरी तो वाचत नाही, आणि तिची प्रार्थना तिथेच सुटते. म्हणजे जी गायिका ‘लाइफलाइन’मध्ये भक्तिगीते मनापासून गाते, तीच प्रार्थना निष्फळ ठरल्याचे दुःखही लपवत नाही. २०१५ च्या ‘द ट्रॅकलेस वुड्स’मध्ये त्यांनी रशियन कवयित्री आना अख्मातोवा यांच्या कवितांना चाली दिल्या.

आपल्याला जेवढे खरे वाटते त्यापलीकडे एक शब्दही न म्हणणे, ही शिस्त त्यांच्या श्रद्धाविचारात आहे आणि ध्वनिमुद्रणातही. गूढाबद्दल खोटी खात्री द्यायची नाही. न आलेले गाणे आल्यासारखे दाखवायचे नाही. स्वतंत्र ध्वनिमुद्रणाने त्यांना गप्प राहण्याची मुभा मिळाली आणि त्या मौनामुळे त्यांच्या गाण्यावरचा विश्वास वाढला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे, कारण भक्तिगीत देवाला उद्देशून असते आणि इथे ऐकणाऱ्याचीच खात्री नाही. पण प्रामाणिकपणाचा निकष लावला तर उत्तर स्पष्ट आहे. ज्याने आपला संशय उघड मांडला आहे, त्याला भक्तिगीत गाण्याचा हक्क आहे. मान्य नसलेले मत मान्य असल्याचे भासवणाऱ्याला तो नाही.